जुन्या पिकअपचा हिटर आणि डिफ्रॉस्टर: आधी पाणी, मग वारा, मग वाट

जुलैत मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला चढायला लागलं की जुन्या पिकअपची पुढची काच आतून पांढरी होते. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. खाली उतरल्यावर मालक वैतागून हिटर दुरुस्त करायला घेतो आणि बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. डॅशबोर्डखालचा हिटरचा डबा उतरवतो, त्यातला कोअर (ज्यातून गरम पाणी फिरतं तो छोटा रेडिएटर) काढतो, नाना पेठेत नाहीतर परदेशातून नवा कोअर शोधतो, महिनाभराने तो बसवतो, आणि वारा पहिल्याइतकाच थंड. बिघाड डब्यात नव्हताच. कुणीतरी कधीतरी इंजिनातला थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकून दिला होता.

म्हणून या लेखात कामापेक्षा कामाच्या क्रमावर जास्त भर आहे. हिटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर आणि त्यामागे एक पंखा. डिफ्रॉस्टर म्हणजे तोच गरम वारा काचेकडे वळवणारी झडप आणि दोन नळ्या. तपासायचं ते याच ओळीने: आधी पाणी, मग वारा, मग त्याची वाट.

इथलं वर्णन १९५०–६०च्या दशकांतल्या शेवरोले, डॉज, फार्गो, फोर्ड अशा पिकअप डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. गरम पाण्याचा हिटर मागाहून बसवलेल्या महिंद्रा जीप-पिकअपलाही ते लागू पडतं. मापं गाडीगणिक बदलतील, क्रम बदलणार नाही.

तयारी

हे काम सुट्टीच्या एका दिवसात उरकायला जाऊ नका. डबा उतरवल्यावर कुठला तरी फोम, कुठली तरी क्लिप नवी लागणार हे गृहीत धरा, आणि गाडी चार-सहा दिवस उभी राहिली तरी अडचण होणार नाही अशी वेळ निवडा. पावसाळ्याआधी एप्रिल-मे उत्तम. ऐन पावसात डबा उघडला तर नव्याने चिकटवलेला फोम धड धरत नाही.

हाताशी ठेवायच्या वस्तू:

- पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, धारदार ब्लेड, कूलंट धरायला रुंद घमेलं
- मल्टिमीटर, आणि जमल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर (नसेल तर हाताचा अंदाजही बरंच काही सांगतो)
- हिटरचा नवा होज पाईप. अमेरिकन गाड्यांत बहुधा १६ मिमी आणि १९ मिमी अशी दोन मापं असतात. आधी मोजा, मग घ्या
- स्क्रूने आवळायच्या होज क्लिपा
- पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम, ६ आणि १० मिमी जाडीचा
- कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर
- दोन उदबत्त्या. कशासाठी ते पुढे येईल

होज पाईप घेताना कापडी वीण असलेला, गरम पाण्यासाठीचाच घ्या. बागेचा किंवा पेट्रोलचा पाईप दिसायला सारखा असतो, पण उकळत्या पाण्यापाशी तो मऊ पडतो आणि घाटात फुटतो.

इशारा: जुन्या डब्याच्या आत किंवा इंजिन-केबिनमधल्या पत्र्यामागे करडा, भुसभुशीत पुठ्ठा दिसला तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तो घासू नका, कोरडा झाडू नका, त्यावर हवा मारू नका. हलवावाच लागला तर ओला करून, चांगला मास्क लावून अखंड काढा आणि पिशवीत बंद करा.

टप्पा १: काहीही न उघडता तपासणी

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण अर्धी कामं इथेच मिटतात.

१. इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी उघडून पाण्याची पातळी बघा. पाणी कमी असेल तर हिटर आधी थंड पडतो, कारण तो बहुतेक गाड्यांत उंचावर बसवलेला असतो. पाणी गंजकट लाल असेल तर कोअरही आतून तसाच असणार.

२. हिटरचे दोन्ही पाईप हाताने मागोवा घेत इंजिनापर्यंत जा. ते खरंच कोअरला जोडलेले आहेत ना? आपल्याकडे हिटर गळायला लागला की मिस्त्री दोन्ही तोंडं एका वाकड्या पाईपने एकमेकांना जोडून टाकतो आणि "साताऱ्यात हिटर कशाला पाहिजे?" म्हणून सोडून देतो. गाडी तीन मालक फिरून तुमच्याकडे येते, तेव्हा हे कुणाच्या लक्षातही नसतं.

३. आत जाणारा पाईप सिलिंडर हेडच्या किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या गरम बाजूला हवा, आणि परतीचा वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला. परतीचा पाईप रेडिएटरच्या वरच्या टाकीत सोडलेला असेल तर दोन्ही टोकांना दाब जवळजवळ सारखाच राहतो आणि पाणी कोअरमधून फिरत नाही. हिटर मागाहून बसवलेल्या गाड्यांत ही चूक हमखास सापडते.

४. आता इंजिन सुरू करून पंधरा-वीस मिनिटं चालवा. हिटरची मूठ पूर्ण गरमवर ठेवा. दोन्ही पाईपांचं तापमान घ्या, शक्य तितकं कोअरजवळ. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या आसपास हात, बाही, मफलर काहीही जाऊ देऊ नका.

- दोन्ही पाईप चांगले गरम, फरक दहा-पंधरा अंशांचा: पाणी ठीक आहे. टप्पा ६ वर जा.
- आत जाणारा गरम, परतीचा कोमट किंवा थंड: कॉक (हिटरला जाणारं गरम पाणी उघड-बंद करणारी तोटी) अडकलाय, कोअर तुंबलाय किंवा हवा अडकली आहे.
- दोन्ही कोमट: थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. टप्पा २.
- इंजिन गरम पण दोन्ही पाईप गार: कॉक बंद, पाणी कमी, किंवा जोडणी चुकीची.

५. ब्लोअर, म्हणजे हिटरचा पंखा, सगळ्या वेगांवर चालवून बघा. फक्त जोराच्या वेगावर चालतो आणि हळूवर बंद पडतो? मग मोटर चांगली आहे, तिचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय.

६. काचेच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. बोटाला चिकट, तेलकट थर लागला आणि केबिनमध्ये गोडसर वास आला, तर कोअर आत गळतोय आणि कूलंटची वाफ काचेवर बसतेय. ही काच कितीही पुसली तरी पुन्हा धुरकटते. पायाखालची चटई उचलून तिथे ओल आहे का तेही बघा. कूलंटची ओल चिकट असते, पावसाच्या पाण्याची नसते. पावसाची ओल असेल तर वायपरखालची जाळी किंवा काचेचं रबर आधी दुरुस्त करा. चटई ओली असताना कुठलाच डिफ्रॉस्टर पुरा पडत नाही.

टप्पा २: थर्मोस्टॅट

गाडी घाटात गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना उपाय. त्याने मूळ दुखणं (तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा, खराब टोपी) जात नाही. उलट थंडीत किंवा पावसात इंजिन नीट तापतच नाही, आणि मग हिटरला द्यायला उष्णता उरत नाही. बरेच जण हिटरवर पैसे घालवतात आणि दोष या हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्याचा असतो.

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हाउसिंग उघडा. आधी थोडं पाणी रेडिएटरच्या खालच्या तोटीतून काढून घ्या.

२. थर्मोस्टॅट असेल तर त्यावरचा आकडा वाचा. अमेरिकन गाड्यांत १६० किंवा १८० फॅरनहाइट असतो, म्हणजे साधारण ७१ किंवा ८२ सेल्सिअस.

३. तपासायला तो दोऱ्याने टांगून पातेल्यातल्या पाण्यात सोडा. तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवत थर्मामीटर बघा. छापील आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, आणि साधारण दहा अंश पुढे पूर्ण उघडला पाहिजे. थंड पाण्यातच उघडा दिसला तर तो गेला.

४. नवा बसवताना मेणाचा किंवा स्प्रिंगचा भाग इंजिनाकडे. उलटा बसला तर इंजिन तापतं आणि दोष पुन्हा थर्मोस्टॅटवर येतो.

कोणता आकडा घ्यायचा? रेडिएटरची टोपी बिनदाबाची असेल तर ७१. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे बिनदाबाच्या यंत्रणेत ८२च्या थर्मोस्टॅटला मोकळीक कमी उरते. टोपी दाबाची असेल तर ८२, आणि हिटर लक्षात येण्याइतका चांगला चालतो.

इशारा: गाडी गरम होते म्हणून दुकानदार १३ किंवा १५ पौंडांची (म्हणजे तेवढा दाब धरणारी) आधुनिक टोपी देऊ पाहील. घेऊ नका. डाग (सोल्डर) देऊन जोडलेले जुने पितळी कोअर आणि रेडिएटर बहुधा ४ किंवा ७ पौंडांच्या हिशोबाने बनलेले असतात. जास्त दाबाने सगळ्यात आधी हिटरचा कोअर फुटतो, तोही तुमच्या पायावर.

थर्मोस्टॅट बसवून झाल्यावर टप्पा १ मधली चौथी तपासणी पुन्हा करा. दोन्ही पाईप गरम झाले आणि वाराही गरम आला तर इथेच थांबा. डबा उघडायची गरज नाही.

टप्पा ३: पाणी काढणे आणि पाईप सोडवणे

१. बॅटरीचं अर्थ टर्मिनल सोडा. जुन्या फोर्ड आणि डॉजमध्ये अर्थ धनाकडे असू शकतो, म्हणून रंगावर न जाता बॉडीला जाणारी केबल शोधा.

२. इंजिन गार झाल्यावर कूलंट कोअरच्या पातळीखाली येईपर्यंत काढा. घमेलं झाकून ठेवा. कूलंटची चव गोड असते आणि ते विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात. गटारात किंवा शेताच्या पाटात ओतू नका.

३. पाईप ओढून काढू नका. क्लिप सैल करून बाजूला सारा आणि पाईप निघाला नाही तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढा. पाईप शंभर-दीडशे रुपयांचा असतो. त्याला पिळताना कोअरची पितळी नळी मुळाशी उखडली तर अख्खा कोअर जातो. या कामात सगळ्यात जास्त मोडणारा भाग हाच.

४. काढलेल्या पाईपांच्या तोंडाला "आत" आणि "परत" अशी चिठ्ठी लावा.

टप्पा ४: डबा उतरवणे

आधी फोटो काढा: केबल कुठल्या भोकात अडकवली होती, झडपांची टोकं कुठल्या स्थितीत होती, वायरींचे रंग. डबा बहुधा इंजिनाच्या बाजूने नटांनी आणि केबिनच्या बाजूने स्क्रूंनी धरलेला असतो. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल मारून ठेवा. घाईत फिरवलं तर पत्र्याला वेल्ड केलेला बोल्टच तुटतो.

डबा खाली घेताना आतलं उरलेलं पाणी पायावर, चटईवर येणारच. खाली जुनी गोणी घाला.

डबा उघडल्यावर घाबरू नका. कुजलेली पानं, उंदरांची घरटी, चिंध्या, कधीकधी एखादा सांगाडाही निघतो. जिथे गाडी वर्षानुवर्षं गोठ्यात किंवा गुऱ्हाळाच्या शेडमध्ये उभी होती, तिथे हे निघणारच. हे सगळं मास्क आणि हातमोजे घालून, ओलं करून काढा. उंदरांच्या लेंड्यांवर कोरडी हवा मारणं धोक्याचं. इथे अडकलेल्या कचऱ्यानेच अर्धा वारा खाल्लेला असतो, हे लक्षात ठेवा.

टप्पा ५: कोअर

१. आधी बाहेरून बघा. कोअरच्या पंख्यांमध्ये (नळ्यांभोवतीच्या पातळ पत्र्यांमध्ये) अडकलेली माती मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली की पातळ पंखे आडवे होतात.

२. पाणी सोडून बघा. एका नळीला बागेचा पाईप धरा आणि दुसरीकडून किती धार येते ते बघा. पाईपातून थेट येणाऱ्या धारेशी तुलना केली की अंदाज येतो. मग उलट दिशेने सोडा. लाल-तपकिरी चिखल निघत असेल तर तो थांबेपर्यंत दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून धुवा. नळ पूर्ण उघडू नका. जुना डाग दाबाने सुटतो.

३. तरी धार कमी असेल तर क्षार साचले आहेत. बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं की हे होतं. कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून, कोअर त्याने भरून अर्धा तास ठेवा, मग धुवा. पुन्हा करा. शेवटी खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून साध्या पाण्याने स्वच्छ धुवा. फरशी धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका. ते क्षार खातं आणि त्याबरोबर डागही.

रेडिएटर गळत होता म्हणून कुणी हळद टाकली होती का, तेही मागच्या मालकाला विचारा. ही युक्ती ट्रकवाल्यांची जुनी आहे आणि गळती थोडा वेळ थांबतेही. पण हळद असो किंवा बाजारातली गळती थांबवायची पावडर, बारीक नळ्यांत ती सगळ्यात आधी हिटरच्या कोअरमध्येच बसते. सांगलीची हळद आमटीत चांगली, रेडिएटरमध्ये नाही. तुंबलेला कोअर लिंबूसत्वानेही मोकळा झाला नाही तर त्याच्या टाक्या उघडून आतून सळई फिरवणारा जुना रेडिएटरवाला शोधा.

४. गळती तपासा. एक नळी रबरी बुचाने बंद करा, दुसरीला मीटर असलेला सायकलचा पंप जोडा, कोअर बादलीत बुडवा आणि टोपीच्या दाबापेक्षा दोन-तीन पौंड जास्त हवा भरा. सात पौंडांच्या टोपीला दहा पौंड पुरे. पाच मिनिटं थांबा. बुडबुडे कुठून येतात ते खडूने खुणा करा.

तपासणी: एखाद-दुसरी गळती नळीच्या मुळाशी किंवा टाकीच्या कडेला असेल तर डाग देऊन चालते. गळती नळ्यांच्या मधोमध, तीन-चार ठिकाणी असेल तर पैसे डागावर घालवू नका. नवा कोअर भरवून घ्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून मापाचा तांब्या-पितळेचा कोअर बनवून मिळतो का विचारा. जुना कोअर देऊन टाकू नका. नव्याच्या नळ्यांचा व्यास आणि कोन त्याच्याशी जुळवायचा आहे.

५. गरम पाण्याचा कॉक उघड-बंद करून तोंडाने फुंकून बघा. उघडा असताना हवा सहज जावी, बंद असताना अजिबात नको. कॉक अर्धवट अडकलेला असणं हे कोमट हिटरचं दुसरं मोठं कारण आहे आणि तो काढून बघायचे कष्ट फार थोडे जण घेतात.

टप्पा ६: ब्लोअर आणि वायरिंग

सगळ्यात आधी गाडी किती व्होल्टची आहे ते नक्की करा. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. फोर्डचे ट्रक १९५६ पासून १२ वर आले. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत डायनॅमो बदलून नंतर १२ व्होल्ट केलेले असतात, पण हिटरची मोटर तशीच राहून जाते. ६ व्होल्टची मोटर १२ वर लावली तर सुरुवातीला वारा जोरात येतो, मालक खूष होतो, आणि काही दिवसांत मोटर जळते.

१. मोटरचा पंखा हाताने फिरवा. जड फिरतो का, खडखडतो का? बुशिंगला तेलाचं भोक असेल तर हलक्या मशीन-तेलाचे एक-दोन थेंब. जास्त घातलं तर ते ब्रशवर जातं.

२. मोटर थेट बॅटरीवर लावून बघा, मधे फ्यूज घालून. चालली नाही तर ब्रश झिजलेत का बघा. ते नवीन मिळतात किंवा मोठे ब्रश घासून बसवता येतात.

३. नवी मोटर घेतली तर शाफ्टचा व्यास आणि फिरण्याची दिशा जुळवा. पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी थोडा वारा देतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. चुंबकाच्या मोटरच्या दोन वायरी उलट केल्या की दिशा बदलते. जुन्या, आत फील्डची गुंडाळी असलेल्या मोटरची दिशा अशी बदलत नाही.

४. रेझिस्टर बहुधा वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तोच त्याला थंड ठेवतो. काहीजण जळालेल्या रेझिस्टरच्या जागी दुसरा घेऊन तो डॅशबोर्डखाली बांधून ठेवतात. तिथे तो लाल होतो आणि वायरिंग पेटू शकतं.

५. सगळं जोडल्यावर मोटर जोरात चालू ठेवून मल्टिमीटरने मोटरची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यातला व्होल्टेज बघा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर अर्थ खराब आहे. पत्रा खरवडून, नवा बोल्ट घालून अर्थ द्या. हळू पंख्याचं हे कारण कुणी शोधत नाही, सगळे मोटर बदलतात.

१२ व्होल्टच्या, आठ-दहा अँपिअर घेणाऱ्या मोटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज ठेवा. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नका. तो उडतोय याचा अर्थ मोटर अडतेय.

टप्पा ७: झडपा, केबल आणि फोम

झडपांवरचा जुना फोम बोट लावलं की पावडर होतो. तो पूर्ण खरवडून, थिनरने पुसून, नवा बंद छिद्रांचा फोम चिकटवा. साधा गादीचा फोम लावू नका. तो ओल धरतो आणि वास मारतो.

डबा बंद करण्याआधी त्यात मोबाईलचा टॉर्च लावून अंधारात बघा. झडप बंद असताना जिथून उजेड दिसतो तिथून वारा निसटणार.

केबलची बाहेरची गुंडाळी दोन्ही टोकांना घट्ट पकडलेली हवी. ती घसरली तर मूठ पूर्ण ओढूनही झडप अर्धीच फिरते. मूठ दोन्ही टोकांना नेऊन झडपही दोन्ही टोकांना पोचते का, हे डबा बसवण्याआधीच जुळवा. बसवल्यावर हात आत जात नाही.

टप्पा ८: डिफ्रॉस्टरची वाट

हिटर चालतो पण काच साफ होत नाही, अशी तक्रार असेल तर गाठ इथेच असते.

१. डब्यापासून काचेखालच्या फटींपर्यंत दोन नळ्या जातात. जुन्या कापडी-कागदी नळ्या डॅशबोर्डखाली फाटतात, नाहीतर रेडिओ बसवणाऱ्याने त्या बाजूला सारलेल्या असतात. दोन्ही जागेवर, न चेपता, क्लिपने घट्ट आहेत ना बघा.

२. काचेखालच्या फटींत पडलेल्या पिना, बिल्ल्या, सुपारीची कात्रणं, पावत्या काढा. हळदी-कुंकवाची डबी डॅशबोर्डवर ठेवायची सवय असेल तर त्यातलं बरंच या फटींत गेलेलं असतं.

३. आता उदबत्ती. ब्लोअर जोरात, मूठ डिफ्रॉस्टवर. उदबत्ती काचेच्या खालच्या कडेने हळूहळू सरकवा. धूर सगळीकडे वर काचेला चिकटून चढला पाहिजे. एका बाजूला सरळ वर जात असेल तर त्या बाजूची नळी निसटली आहे. मग तीच उदबत्ती पायाजवळ आणि डब्याच्या जोडांवर फिरवा. तिथे धूर उडत असेल तर वारा काचेऐवजी पायाकडे चालला आहे.

४. झडप बाहेरची हवा घेते ना, ते तपासा. पावसात हे फार महत्त्वाचं. महाबळेश्वरला जुलैत बाहेरची हवा १८ अंशांवर ओलीचिंब असते, पण तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ती काचेवरची ओल सहज शोषते. केबिनमधलीच हवा फिरवत राहिलं तर तुमच्या श्वासाची आणि भिजलेल्या रेनकोटाची वाफ तिथेच घुटमळते.

इशारा: बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून किंवा इंजिनाजवळच्या तोंडातून येते. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड किंवा सायलेन्सरचा जोड गळत असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये ओढला जातो. त्याला वास नसतो. हिटर लावल्यावर डोकं जड वाटलं, गुंगी आली तर खिडक्या उघडा, गाडी थांबवा आणि आधी एक्झॉस्ट दुरुस्त करा. पत्र्यातल्या केबलच्या भोकांना रबरी ग्रॉमेट लावायला विसरू नका.

काचेवर तंबाखू चोळण्याचा जुना उपाय बाहेरून पाणी पसरवण्यापुरता आहे. आतल्या धुरकट काचेला तो काही करत नाही. आतून काच आधी साबणाच्या पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसून तेलकट थर काढा. स्वच्छ काचेवर वाफ कमी धरते.

टप्पा ९: जोडणी आणि पाणी भरणे

१. डबा बसवा, पाईप चिठ्ठीप्रमाणे लावा. क्लिप नळीच्या फुगीर कडेच्या मागे बसवा, कडेवर नाही. रबर फुगून बाहेर येईपर्यंत आवळू नका.

२. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घ्या, एक भाग कूलंट आणि एक किंवा दोन भाग पाणी. वेण्णा लेकच्या काठी डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं, पण एवढ्याशा थंडीला एकास दोनचं मिश्रणही पुरून उरतं. आपल्याला कूलंट मुख्यतः गंज थांबवण्यासाठी हवं आहे. डब्याच्या रंगावर जाऊ नका. तांबं, पितळ आणि डाग असलेल्या यंत्रणेला चालतं असं लिहिलेलं घ्या.

३. हिटरचा कॉक पूर्ण उघडा ठेवा. गाडीचं नाक चढाच्या बाजूला करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं. साताऱ्यात असा उतार शोधायला लांब जावं लागत नाही. हँडब्रेक लावा आणि चाकाखाली दगड घाला.

४. टोपी उघडी ठेवून हळूहळू भरा. मधे मधे हिटरचे पाईप दाबून सोडा. कोअरचा वरचा पाईप थोडा सैल करून त्यातून हवा जाऊन पाणी यायला लागलं की आवळा.

५. इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. पातळी अचानक खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. मग टोपी लावा. पाण्यात गुडगुड आवाज येत असेल किंवा वारा एकदा गरम एकदा गार येत असेल तर हवा अजून आत आहे.

टप्पा १०: घाटातली चाचणी

घराजवळ उभ्या गाडीवर समाधान मानू नका. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाऊन या. साताऱ्यातून ही चाचणी सोपी आहे: सतत चढ, वरती धुकं, आणि परत येताना इंजिनावर फारसा भार नाही. उतारावर इंजिन हलकं चालतं, तेव्हाही वारा गरम राहतो का ते बघा. चढावर गरम आणि उतारावर गार होत असेल तर थर्मोस्टॅट नीट बंद होत नाही किंवा पंपाची ओढ कमी आहे. पट्टा तपासा.

घाटात काचेखाली थर्मामीटर ठेवला तर बाहेरच्या हवेपेक्षा पंचवीस-तीस अंश जास्त आकडा यायला हवा. वारा तेवढा गरम असूनही काच कोपऱ्यात धुरकट राहत असेल, तर टप्पा ८ मधली उदबत्ती पुन्हा चालवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा बघा, पायाखालच्या चटईवर हात फिरवा आणि सगळ्या होज क्लिपा पुन्हा एकदा आवळा. नवं रबर पहिल्या तापण्यानंतर बसतं आणि क्लिपा थोड्या सैल होतात.